रेफरीच्या बाजूची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. सत्तेची वगैरे नव्हे, दाढी-कटिंगची. बिडाचा जड पाया, लाल रेक्झिन, मान टेकायला एक उशी आणि बाजूला एक दांडा. दांडा दाबला की माणूस वर जातो, सोडला की हळूहळू खाली येतो. आता तो दांडा चालत नाही. माझ्यावर बसलेला माणूस जिथे असतो तिथेच राहतो.

जे सांगणार आहे त्यावर कितपत विश्वास ठेवायचा हे आधी तुम्हीच ठरवा, कारण मला स्वतःलाच खात्री नाही. मी आयुष्यभर आरशाकडे तोंड करून उभी राहिले. टीव्ही माझ्या पाठीमागच्या भिंतीवर. म्हणजे मी पाहिलेला प्रत्येक फुटबॉलचा सामना आरशातला. डावीकडून धावणारा मला उजवीकडून दिसला. उलटे आकडे मी सवयीने वाचायला शिकले, पण घाईत अजूनही चुकते. अशा साक्षीदाराला कोणत्या कोर्टात उभं करतील? पण एका गोष्टीत मी सहसा चुकत नाही. माणूस बोलत असताना त्याचे हात माझ्या हातांवर असतात. त्याचं तोंड आरशाला दिसतं, हात मला कळतात.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. तिथे फक्त सलूनच्या खुर्च्या बनत. एकजण ओतीव पाया घासायचा, दुसरा रेक्झिन ताणून खिळे ठोकायचा, आणि तयार झालेल्या खुर्चीवर कारखान्याचा मालक स्वतः बसून डोळे मिटायचा. झोप आली तर खुर्ची पास. माझ्यावर त्याला चांगली डुलकी लागली होती असं ऐकलंय.

मला विकत घेतलं ते आताच्या न्हाव्याच्या वडिलांनी. त्यांना सगळे 'वस्ताद' म्हणत. त्यांच्यामागे ते नाव दुकानाबरोबर मुलाकडे आलं. सलून बस डेपोच्या समोर, औषधाच्या दुकानाला लागून. आत मी, आरसा, तीन माणसं बसतील असं बाकडं आणि तो टीव्ही. गावाचा संघ हिरव्या जर्सीचा, म्हणून सगळे त्यांना 'हिरवे' म्हणत. हिरवे दुसऱ्या श्रेणीत खेळायचे. मोसमाच्या शेवटी वरचे चार संघ प्लेऑफ खेळायचे आणि त्यातला एक वरच्या श्रेणीत जायचा. हिरवे प्लेऑफला पुष्कळदा पोचले. वर कधीच गेले नाहीत.

का गेले नाहीत, हा आमच्या सलूनचा कायमचा विषय.

यात दोन पक्ष होते. डेपोतला बसवाला म्हणायचा, "रेफरी विकलेले आहेत. वरच्या श्रेणीवाल्यांना आपलं गाव नकोच आहे. एवढ्या लांब खेळायला कोण येणार?" शेजारचे औषधवाले काका म्हणायचे, "अरे, रेफरी कशाला? आपलं नशीबच फुटकं. त्या वर्षी पेनल्टी खांबाला लागली, ती काय रेफरीने फुंकर मारून लावली?"

"खांबाला लागली कारण त्याच्या आधीची पेनल्टी दिलीच नाही! ती दिली असती तर ही घ्यावीच लागली नसती."

"म्हणजे जी दिली ती चुकली आणि जी दिली नाही ती बरोबर लागली असती?"

"काका, तुम्ही गोळ्या विका. फुटबॉल तुमचा प्रांत नाही."

अशा भांडणातच थोरल्या वस्तादांनी तो नियम केला. झालं असं की दाढीला बसलेला एक माणूस, तोंडाला फेस लावलेला, म्हणून गेला की रेफरीचं काही चुकलं नाही. सगळे त्याच्यावर तुटून पडले. एकाने तर त्याचा खांदा धरून हलवला. वस्तादांचा वस्तरा त्याच्या गळ्याशी होता. त्यांनी हात वर उचलला आणि म्हणाले, "माझ्या वस्तऱ्याखालच्या माणसाशी कोणी भांडायचं नाही. खुर्चीत आहे तोवर तो रेफरीचा वकील, असं समजा. वकिलाला कोणी मारतं का?"

लोक हसले आणि नियम रुजला. खुर्चीत बसेल त्याने रेफरीची बाजू घ्यायची. घ्यायचीच. बसवाला बसला तरी त्याला म्हणावं लागे, "रेफरीसाहेब देवमाणूस, त्यांच्या शिट्टीत अमृत आहे." बाकड्यावरचे टाळ्या पिटायचे. टॉवेल झटकून उठला की पुन्हा शिव्या सुरू. एका माणसाचा जीव सांभाळायला केलेला नियम हळूहळू खेळ झाला. खुर्चीतल्या माणसाने काहीही म्हटलं तरी ते कोणी खरं धरेनासं झालं. मला तेव्हा ते गमतीचं वाटायचं. मी तेव्हाच अधिक विचार करायला हवा होता, असं आता वाटतं. पण खुर्चीने विचार करून तरी काय होणार होतं?

धाकट्या, म्हणजे आताच्या वस्तादांच्या मुलीने लग्न केलं ते एका शाळेत भूगोल शिकवणाऱ्या तरुणाशी. तो शनिवार-रविवार लाइन्समन म्हणून उभा राहायचा. हातात झेंडा घेऊन मैदानाच्या कडेने धावणारा, कोण ऑफसाइड आहे ते सांगणारा. आमच्या सलूनने हे स्थळ ऐकलं तेव्हा केवढा दंगा झाला!

"वस्ताद, मुलगी दिली ती थेट शत्रूच्या घरात!"

"अरे, जावई आहे माझा, जपून बोला," वस्ताद म्हणायचे. पण हसत हसत.

जावई दर भेटीत कटिंगला माझ्यावर बसायचा. शांत माणूस. तो बसला की बाकड्यावरून आवाज यायचा, "आता काय, नियमाची गरजच नाही!" तोही हसायचा. एकदा तो म्हणाला, "खरं सांगू का, आम्हाला संघ दिसतच नाही. आम्हाला फक्त एक रेघ दिसते. शेवटचा बचावपटू कुठे आहे तिथून जाणारी. पास सुटताना पुढचा खेळाडू तिच्या पलीकडे असला की ऑफसाइड. ती जमिनीवर नसते, आमच्या डोक्यात असते. ती सांभाळण्यातच सगळा वेळ जातो." त्याचे हात तेव्हा माझ्यावर मोकळे, उघडे होते. घरी त्याची बायको सांगायची की झोपेतही याचा उजवा हात कधीकधी वर जातो.

मग ते वर्ष आलं. हिरवे पुन्हा प्लेऑफला आणि उपांत्य सामन्यासाठी लाइनवर नेमका आमचा जावई. त्याने स्पर्धा भरवणाऱ्या लीगला आधीच कळवलं होतं की ती माझी सासुरवाडी आहे, मला नको. लीगने समोरच्या संघाला विचारलं. त्यांनी हरकत नाही म्हटलं, आणि नेमणूक कायम राहिली.

आमच्याकडे लग्नघरासारखी गर्दी. बसवाला पेढे वाटल्यासारखा सगळ्यांना सांगत होता, "आपला माणूस लाइनवर आहे! आता बघू कोण झेंडा वर करतं ते." औषधवाले काकासुद्धा म्हणाले, "नशीब फिरलं म्हणायचं." आणि वस्ताद? वस्तादांनी त्या दिवशी कोणाचीच दाढी केली नाही. गळ्यात टॉवेल टाकून ते टीव्हीखाली उभे राहिले. जावई पडद्यावर दिसला की म्हणायचे, "बघा, शर्ट कसा बसलाय अंगात. मीच कटिंग केलीय."

बरोबरी झाली असती तरी हिरवे बाहेर, कारण समोरचा संघ गुणतक्त्यात वर होता. एक-एक असा गोलफलक. इंजुरी टाइम, म्हणजे शेवटची वाढीव मिनिटं, सुरू झाला. हिरव्यांचा एकजण कडेने सुटला, चेंडू मध्ये आला, पुढच्याने पाय लावला आणि जाळं हललं. आरशात मला सगळं उलटं दिसलं, पण गोल कुठल्याही बाजूने बघितला तरी गोलच असतो. बाकडं उलटं पडलं. काकांनी बसवाल्याला मिठी मारली. वस्ताद नुसतेच ओरडत होते, शब्द नव्हते.

आणि आरशात एक झेंडा वर गेला.

पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही. मग कळलं. ऑफसाइड, गोल रद्द. वस्तादांचा ओरडा तोंडातच राहिला. कॅमेऱ्याने जावयाचा चेहरा जवळून दाखवला. तो मैदानाकडे बघत नव्हता, समोर कुठेतरी बघत होता. त्याचा हात सरळ वर, जराही न हलता.

"हा आपला माणूस?" बसवाला म्हणाला.

पुढचं मला सगळं आठवत नाही. हिरवे हरले. कोणीतरी म्हणालं, आपण सासुरवाडीकडे झुकलो नाही हे दाखवायला यानं मुद्दाम उलटा निर्णय दिला. हे मत सगळ्यांना पटलं. ते इतकं पटण्यासारखं होतं की मलाही क्षणभर पटलं. माणूस निःपक्षपाती दिसण्यासाठी पक्षपात करू शकतो का? करत असावा. मला माहीत नाही.

वस्तादांनी टीव्ही बंद केला आणि मुलीला फोन लावला. सगळ्यांसमोर. "त्याला सांग, माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस म्हणावं." पलीकडून मुलगी काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. वस्ताद म्हणाले, "मग तूही येऊ नकोस." फोन ठेवल्यावर त्यांनी माझी मान टेकायची उशी घट्ट धरली.

त्यानंतर काही दिवसांनी बसवाला दाढीला बसला. सामन्याचीच चर्चा. काका म्हणाले, "चल, तुझी पाळी. कर वकिली." बसवाला नेहमी अशा वेळी माझ्या हातावर बोटांनी ताल धरायचा. त्या दिवशी त्याचे हात गप्प होते, घामेजलेले. तो म्हणाला, "पाय पुढे होता. मी डेपोत मोठ्या टीव्हीवर पुन्हा पुन्हा थांबवून पाहिलं. गुडघ्यापासून खाली सगळा पाय पुढे होता. लाइन्समन बरोबर होता. मी असतो तर मीही झेंडा वर केला असता."

बाकडं हसून हसून लोळलं. "काय नाटकी आहे हा! डोळ्यांत पाणी आणलंन!"

खुर्चीत बसून बोललेलं कोणी खरं धरत नव्हतं. बसवाल्यानेच ही जागा निवडली होती, असं मला आता वाटतं. खरं बोलायचं होतं आणि कोणी ऐकू नये असंही वाटत होतं. उठल्यावर त्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, "जावयाने गावाला विकलं, दुसरं काय!" वस्तादांनी वस्तरा धुवायला घेतला. तो आधीच धुतलेला होता.

महिने गेले. मुलगी आली नाही. वस्तादांची बायको रोज दुपारी जेवणाचा डबा घेऊन यायची, बाकड्यावर बसायची. एकदा म्हणाली, "अहो, एका झेंड्यापायी पोरगी गेली आपली."

"झेंड्यापायी नाही. चुकलो म्हणायला काय झालं होतं त्याला? एवढं म्हण, आणि ये म्हणावं घरी. मी काय खाऊन टाकणार आहे?"

"आणि चुकला नसेल तर?"

"तर काय?" वस्ताद म्हणाले. "तू जा आता. गिऱ्हाईक येईल."

हा निरोप तिने पोचवला असावा, कारण एका रविवारी सकाळी जावई आला. एकटा. सलून भरलेलं होतं. तो दारात थांबला आणि म्हणाला, "बाबा, कटिंग कराल?"

वस्तादांनी टॉवेल झटकला आणि माझ्याकडे बोट केलं. "या, जावईबापू. बसा."

तो बसला. त्याचं वजन कमी झालं होतं, ते मला लगेच जाणवलं. वस्तादांनी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. आणि तो बोलू लागला. हात उघडे, माझ्यावर सपाट ठेवलेले. त्याने सगळं समजावून सांगितलं. चेंडू सुटला त्या क्षणी कोण कुठे होतं, बचावपटू कसा पुढे धावत आला, पुढच्याचा पाय रेघेच्या पलीकडे कसा होता. "मी ती रेघ सोडली असती तर बरं झालं असतं. मला वाटलं नाही असं समजू नका. हात वर नेताना मला ही दुकानातली माणसं दिसत होती. बाबा, तुम्ही दिसत होता. पण पाय पुढे होता. मी काय करू?"

बाकड्यावर कोणीतरी टाळी वाजवली.

"वाऽ! नियम पाळला बुवा!"

"जावयासारखा वकील नाही!"

सगळे हसले. वाईट हेतूने नाही, सवयीने. खुर्चीत बसलेला माणूस रेफरीची बाजू घेतो, त्यात विशेष काय? तो आरशात त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला हा नियम माहीत होता. फक्त तो स्वतःला लागू होईल हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. त्याने बसवाल्याकडे पाहिलं. बसवाला फोनमध्ये बघत होता.

"बाबा," जावई म्हणाला, "मी खरं सांगतोय."

वस्तादांची कात्री थांबली. ते हळू आवाजात म्हणाले, "सगळे बसलेत. आता खरं काय ते सांग आणि विषय संपव. ती घरी येऊ दे."

आणि तेव्हा मला कळलं, त्यालाही कळलं, की या खुर्चीत बसून विश्वास बसेल असं एकच वाक्य उरलं आहे. त्याची बोटं वळली. नखं रेक्झिनमध्ये रुतली.

"चुकलो," तो म्हणाला. "पाय पुढे नव्हता. मी चुकलो."

या वेळी कोणी हसलं नाही. खुर्चीत बसून रेफरीच्या विरुद्ध बोललेला तो पहिला माणूस. म्हणजे त्यांच्या हिशेबाने खरंच बोलला. काका म्हणाले, "मोठेपणा आहे हं." वस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यांची कात्री पुन्हा चालू लागली. कापलेले केस बराच वेळ माझ्या पायाशी पडत राहिले.

कोणीतरी ते फोनवर टिपलं होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाने पाहिलं, दुसऱ्या दिवशी लीगने. जावयाला बोलावून विचारलं, तेव्हा खोटं होतं की आता? तो म्हणाला, आता. का, म्हणून विचारलं. तो म्हणाला, बायकोला घरी जायचं होतं. लीगने त्याचं नाव काढून टाकलं. माणूस दबावाखाली शब्द फिरवतो, त्याच्या हातात झेंडा कसा द्यायचा? त्यांचंही चूक म्हणता येत नाही. मी खूप प्रयत्न केला त्यांचं चूक म्हणण्याचा.

मुलगी आली. महिनाभराने, दुपारी, दुकान रिकामं असताना. माझ्यावर बसली नाही, उभीच राहिली.

"बाबा, ते चुकले नव्हते."

वस्ताद आरसा पुसत होते. "माहीत आहे मला."

"केव्हापासून?"

"त्याच दिवसापासून. टीव्हीखालीच उभा होतो ना मी. पाय पुढे होता."

तिने त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं. मग म्हणाली, "मग चुकलो म्हणायला का लावलंत?"

"सगळे बसले होते गं," वस्ताद म्हणाले.

ती गेली. तेव्हापासून ती सणासुदीला आईला भेटायला येते, बाबांशी नीट बोलते, त्यांची तब्येत विचारते. त्याहून जास्त काही नाही. जावई येत नाही. तो रविवारी घरीच असतो. सामना लागला असला तर उठून दुसऱ्या खोलीत जातो, असं तिने आईला सांगितलेलं मी ऐकलं. झोपेत त्याचा हात आता वर जात नाही.

पुढच्या वर्षी हिरवे पुन्हा प्लेऑफला गेले आणि चार गोलांनी हरले. रेफरीने काही केलं नाही. नशिबानेही काही केलं नाही. समोरचे चांगले खेळले. त्या दिवशी सलूनमध्ये बोलायला काही उरलं नव्हतं. बसवाल्याने सवयीने तोंड उघडलं, मग मिटलं. काका म्हणाले, "चला, दुकान उघडं टाकून आलोय." बाकडं रिकामं झालं, आणि त्यानंतर हळूहळू रिकामंच राहिलं. वस्ताद आता गिऱ्हाइकाशी हवापाण्याचं बोलतात. टीव्हीवर गाणी लागतात, आवाज बंद करून.

माझा दांडा मोडला, तेव्हा त्यांनी नवी खुर्ची आणली. काळी, चाकांची. मला मागच्या खोलीत, पाण्याच्या टाकीशेजारी ठेवलंय. इथे आरसा नाही. पहिल्यांदाच मला सगळं सरळ दिसतं. पण दिसण्यासारखं काही नाही. भिंत आहे, बादली आहे. नखं रुतली होती तिथलं रेक्झिन फाटून आतला काथ्या बाहेर आला आहे. अधूनमधून वस्ताद टाकी बघायला येतात तेव्हा त्या फाटक्या जागेवर हात ठेवतात, काथ्या आत ढकलतात. तो पुन्हा बाहेर येतो.

तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. दुसऱ्याची बाजू मांडणारा एखादा माणूस समोर आला, तर तो कुठे बसलाय ते बघू नका. त्याचे हात बघा. एवढंच. पण हे मी कशाच्या जोरावर सांगू? मी त्याचे हात धरून बसले होते, मला सगळं कळत होतं, आणि माझ्याकडून एक अक्षरही निघालं नाही. तुम्ही तरी काय वेगळं करणार?

पलीकडच्या खोलीत नव्या खुर्चीत कोणीतरी बसलंय. वस्ताद विचारताहेत, "बारीक करू की मध्यम?" तो म्हणतो, "तुम्हाला वाटेल तसं." मग कात्रीचा आवाज. बाकी काही नाही.